एडिनबराला अकरा जण, तीन पिढ्या : सहलीच्या आखणीसाठी सल्ला हवा

सह्यवारा :
नमस्कार मंडळी,
2027 च्या मे महिन्यात घरचे सगळे मिळून एडिनबराला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची, माझे आई-बाबा, सासूबाई, शिकागोहून नणंद, तिचे यजमान आणि कॉलेजात जाणारी लेक, शिवाय रेडिंगला नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ. आधी चार दिवस लंडन, मग एडिनबराला पाच रात्री.

एडिनबराच का, तर बाबांसाठी. ते निवृत्त होईपर्यंत कॉलेजात भूशास्त्र शिकवत होते. अठराव्या शतकातला स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यानं अभ्यासलेले खडक प्रत्यक्ष बघायचे, ही त्यांची फार जुनी इच्छा. आता त्यांचं वय 76 आहे. आणखी लांबणीवर टाकायचं नाही, असं मी आणि भावानं ठरवलंय.

आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, जिने उतरताना मात्र त्रास होतो. सासूबाईंना अंडंही चालत नाही. आणि नणंदेच्या यजमानांचं म्हणणं असं की एवढं लांब जातोच आहोत, तर एडिनबराला फक्त झोपायला यावं आणि लॉख नेस सरोवर, आयल ऑफ स्काय बेट, ग्लासगो सगळं उरकावं. मला ते पटत नाहीये, पण मी तिकडे कधी गेलेले नाही. जाणकारांनी सांगावं. राहायचं कुठे, बुकिंग कधी करायचं, हेही सांगा.

लीथकर :
सह्यवारा, मी इथेच लीथ भागात राहतो आणि दर उन्हाळ्यात घरी पाहुणे असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मे महिना उत्तम निवडलात. रात्री नऊपर्यंत उजेड, गर्दी बेताची. ऑगस्टमध्ये इंटरनॅशनल फेस्टिवल, फ्रिंज हा नाट्य-कला महोत्सव आणि किल्ल्यासमोरचा मिलिटरी टॅटू, म्हणजे लष्करी बँडचा सोहळा, एकदम असतात. त्या महिन्यात अकरा जणांना एकत्र जागा मिळणं कठीण, आणि मिळाली तर भाडं अवाच्या सवा.

मे महिन्यात तीन गोष्टी सांभाळा. शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो, त्या आठवड्यात इंग्लंडच्या शाळांना सुट्टी असते आणि गाड्या भरून येतात. एडिनबरा मॅरेथॉनही महिन्याच्या शेवटाकडेच असते, तेव्हा रस्ते बंद असतात. तिसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. चर्च ऑफ स्कॉटलंडची जनरल असेंब्ली, म्हणजे वार्षिक सभा, मे महिन्यात भरते. तेव्हा राजाचा प्रतिनिधी म्हणून लॉर्ड हाय कमिशनर होलीरूड राजवाड्यात मुक्कामाला येतात आणि राजवाडा पर्यटकांना बंद होतो. त्यामुळे राजवाड्याच्या वेबसाइटवर बंद असण्याचे दिवस बघून मगच तारखा पक्क्या करा.

आता तुमच्या आईंचा प्रश्न. जुन्या शहराचा आकार समजून घेतलात तर त्यांचे गुडघे वाचतील. किल्ल्याचा खडक म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला कठीण दगड. हिमयुगात बर्फाचा प्रचंड ओघ पश्चिमेकडून आला, या दगडाला अडला आणि दोन्ही अंगांनी पुढे सरकला. दगडाच्या पाठीमागचा मऊ खडक त्यामुळे झिजायचा राहिला आणि पूर्वेकडे उतरत जाणारी एक लांब सोंड तयार झाली. त्या सोंडेच्या पाठीवरून जो रस्ता जातो तोच रॉयल माइल. म्हणजे किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत जवळजवळ सगळा उतार, आणि तोही सौम्य. टॅक्सीनं किल्ल्याजवळ जा आणि खाली चालत या. उलटं करू नका.

रॉयल माइलच्या दोन्ही बाजूंना ज्या अरुंद बोळी फुटतात त्यांना इथे क्लोज म्हणतात. त्या बोळी सोंडेच्या कडेवरून थेट खाली जातात. बऱ्याच ठिकाणी नुसत्या पायऱ्या आहेत, पावसात निसरड्या होतात. नकाशावर दोन मिनिटांचं अंतर दिसतं आणि प्रत्यक्षात पाच मजले उतरावं लागतं. फ्लेशमार्केट क्लोज, ॲडव्होकेट्स क्लोज, न्यूज स्टेप्स या आईंसाठी टाळा. मुलांना मात्र जरूर न्या. ॲडव्होकेट्स क्लोजच्या तोंडाशी उभं राहिलं की काळ्या भिंतींच्या फटीतून लेखक वॉल्टर स्कॉटचं स्मारक, स्कॉट मॉन्युमेंट, दिसतं.

राहण्याबद्दल उद्या लिहितो.

मायभूमी :
वाचतेय. आमचंही सप्टेंबरात जायचं घाटतंय.

हायलँडवेडा :
लीथकर यांचा प्रतिसाद छान आहे, पण मी यजमानांच्या बाजूनं बोलतो. स्कॉटलंडला जाऊन हायलँड्स, म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ भाग, न बघता परतणं मला पटत नाही. सकाळी आठला एडिनबराहून बस निघते. ग्लेनकोची दरी, लॉख नेस, सगळं दाखवून रात्री आठपर्यंत परत आणतात. ग्लेनकोत ढग खाली उतरलेले असताना जे दिसतं ते शब्दांत सांगता येणार नाही. आमच्या बरोबर सत्तरीचे दोघे होते, त्यांनीही केलं.

लीथकर :
हायलँडवेडा, ग्लेनको सुंदर आहे यात वादच नाही. पण बारा तासांत बसमधून उतरून चालायला मिळतात जेमतेम तीन. लॉख नेसला पोचेपर्यंत लोक झोपलेले असतात. आणि स्काय तर एका दिवसात नाहीच. तिथल्या पोर्ट्री गावापर्यंत एका बाजूनंच पाच तासांहून जास्त लागतात. ज्यांना हायलँड्स बघायचेत त्यांनी इन्व्हरनेसला दोन रात्री राहावं, ट्रेननं साडेतीन तास लागतात. पाच रात्री आणि बरोबर तीन ज्येष्ठ असतील तर मी शहर सोडणार नाही. फार तर तासाभराच्या आतलं ठिकाण.

अकरा जणांनी एकाच बसमध्ये असायला हवं असंही नाही. यजमान आणि मुलं एक दिवस ग्लेनकोला जाऊ देत, बाकीचे इथे थांबतील. संध्याकाळी सगळे एका टेबलाशी जेवायला बसले म्हणजे झालं. मोठ्या गटाची सहल बिघडते ती सगळ्यांनी सगळं एकत्रच करायचं या हट्टानं.

रूळप्रेमी :
लंडन ते एडिनबरा विमानानं जाऊ नका, ट्रेन घ्या. किंग्ज क्रॉसहून साधारण साडेचार तास. जाताना उजवीकडच्या खिडक्या मागून घ्या. न्यूकासल सोडलं की समुद्र लागतो आणि बेरिकला ट्वीड नदीवरचा रॉयल बॉर्डर ब्रिज येतो. तो 1850 चा आहे, उंच आणि किंचित वळणाचा. डरमचं कॅथीड्रलही उजवीकडेच दिसतं.

तिकिटांचं नीट बघा. स्वस्त आगाऊ तिकिटं प्रवासाच्या साधारण बारा आठवडे आधी उघडतात. तिघा ज्येष्ठांना सीनियर रेलकार्ड काढा. वय 60 च्या पुढे हवं, परदेशी पाहुण्यांनाही मिळतं, भाड्यात एक तृतीयांश सूट. तुम्हा चौघांना फॅमिली अँड फ्रेंड्स कार्ड, त्यात मुलांना 60 टक्के सूट आहे. एडिनबराला जाताना आणि परत येताना दोन्ही वेळा वापरलंत की कार्डाचे पैसे वसूल होतात. रविवारी शक्यतो निघू नका, रुळांची कामं काढलेली असतात.

लीथकर :
ठरल्याप्रमाणे राहण्याबद्दल.

अकरा जणांना दोन पर्याय. पहिला, दोन शेजारशेजारचे फ्लॅट. इथली जुनी घरं म्हणजे दगडी चाळवजा इमारती, त्यांना टेनेमेंट म्हणतात. छत उंच, खिडक्या मोठ्या, राहायला फार छान. पण बहुतेकांना लिफ्ट नाही आणि जिना गोल दगडी असतो. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, आतल्या बाजूला पाऊल मावणार नाही इतक्या अरुंद. जाहिरातीत 'थर्ड फ्लोअर' लिहिलं असेल तर तो आपला तिसरा मजलाच, म्हणजे तीन जिने. मालकाला स्पष्ट विचारा, मजला कितवा आणि लिफ्ट आहे का. जाहिरातीत लायसन्स नंबर आहे ना तेही बघा. स्कॉटलंडमध्ये पर्यटकांना घर भाड्यानं द्यायला लायसन्स लागतं. ते नसलेलं बुकिंग ऐनवेळी रद्द होण्याची भीती असते.

दुसरा पर्याय पोलॉक हॉल्स. एडिनबरा विद्यापीठाची ही वसतिगृहं सुट्टीच्या काळात पाहुण्यांना मिळतात. मे महिन्यात किती खोल्या मोकळ्या असतील ते तारखांवर आहे, आत्ताच चौकशी करा. बाबांसाठी सांगतो, पोलॉक हॉल्सच्या मागेच सॅलिसबरी क्रॅग्जचे कडे उभे आहेत.

आणखी एक हिशेब. 24 जुलै 2026 पासून इथे मुक्कामाच्या भाड्यावर 5 टक्के पर्यटक कर लागू होतो आहे, सलग पहिल्या पाच रात्रींना. तुमच्या नेमक्या पाचच रात्री आहेत, तेव्हा तो धरूनच भाव तपासा.

खडकफोड्या :
सह्यवारा, तुमच्या बाबांसाठी हा धागा वाचून मला फार आनंद झाला. मीही भूशास्त्राचा विद्यार्थी, दख्खनच्या बेसॉल्टवर काम केलेला.

सॅलिसबरी क्रॅग्ज हे डोलेराइट या अग्निजन्य खडकाचं सिल आहे, म्हणजे थरांमध्ये घुसून थिजलेला पत्रा. तप्त शिलारस आधीच्या गाळाच्या थरांमध्ये घुसला आणि तिथेच थिजला. हटननं 1785 मध्ये एडिनबराच्या रॉयल सोसायटीपुढे आपला पृथ्वीविषयीचा सिद्धांत मांडला. तेव्हा बहुतेक लोक मानत की असे खडक प्राचीन समुद्राच्या पाण्यातून साके बसून झाले. क्रॅग्जच्या दक्षिण टोकाशी, ज्याला आता हटन्स सेक्शन म्हणतात तिथे, शिलारसानं खालचा थर उचकटून वर वाकवलेला डोळ्यांना दिसतो. शांतपणे बसलेला साका असं करणार नाही. खडक आधी, शिलारस नंतर, हे हात लावून पटवता येतं. बाबांनी हे चित्र फळ्यावर किती वेळा काढलं असेल!

क्रॅग्जच्या पायथ्यानं जाणारी रॅडिकल रोड ही वाट 2018 मध्ये दरड कोसळल्यावर बंद केली. तेव्हा कुंपण कुठपर्यंत आहे ते आधी होलीरूड पार्कच्या रेंजर्सना विचारा. जवळ जाता आलं नाही तरी स्कॉटिश पार्लमेंटच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेतून अख्खा कडा समोर दिसतो, बाकावर बसून.

समुद्रकाठच्या सिकार पॉइंटचा मोह आवरा. 1788 मध्ये हटन तिथे होडीनं गेला होता, उभे थर आणि त्यांवर आडवे थर अशी ती जगप्रसिद्ध विसंगती. पण ती एडिनबरापासून सुमारे 60 किलोमीटरवर आहे आणि खडकापर्यंत उतरायला तीव्र उताराचं ओलं गवत आहे. 76 व्या वर्षी वरूनच बघावं. हटनची समाधी मात्र शहरातच, ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत आहे. ती चुकवू नका.

सह्यवारा :
खडकफोड्या, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी लगेच कपाटातून जुनी वही काढली आणि मुलीला सिल म्हणजे काय ते समजावत बसले. मनापासून आभार.

अळूवडी :
सासूबाईंच्या खाण्याची काळजी करू नका. एडिनबरात शाकाहारी पदार्थ जवळजवळ सगळीकडे मिळतात. हॅगिस हा मूळचा मेंढीच्या काळीज-फुफ्फुसांचा पदार्थ, पण त्याचा शाकाहारी प्रकार ओट्स, डाळी आणि भाज्यांचा असतो आणि मिरमिरीत लागतो. अंडं आहे का ते प्रत्येक ठिकाणी विचारा, 'व्हेगन' म्हणून मागितलं तर प्रश्नच मिटतो. शॉर्टब्रेड मुळात लोणी, साखर आणि मैद्याचं, अंड्याशिवाय. टॅब्लेट नावाची दूध-साखरेची वडी मिळते, ती आपल्या नारळीपाकासारखी तोंडात टाकताच विरघळते. सकाळी ओट्सचं पॉरिज.

जेवणाच्या वेळा मात्र पाळा. बऱ्याच ठिकाणी नऊच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं. अकरा जणांचं टेबल आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही, आणि लहान मुलांना पबमध्ये संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर घेत नाहीत. फ्लॅट घेतलात तर छोटा कुकर न्या. दिवसभर वाऱ्यात फिरून आल्यावर सासूबाईंना वरणभातच हवा असणार.

मालवणची_लाट :
या शहराचा आपल्याशी एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

किल्ल्याला लागून पांढऱ्या-लाल रंगाची, मनोऱ्यांची एक सुरेख वस्ती दिसते. ती रॅम्से गार्डन. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1890 च्या दशकात ती उभी केली. त्या काळी जुन्या शहरातले श्रीमंत लोक केव्हाच न्यू टाउनला निघून गेले होते, आणि रॉयल माइलच्या बोळींत गरीब माणसं दाटीवाटीनं, घाणीत राहत होती. पालिकेचा रिवाज पाडापाडीचा. गेडिस आणि त्यांच्या पत्नी ॲना त्याच वस्तीत, जेम्स कोर्टमध्ये राहायला गेले. भिंती रंगवल्या, अंगणं झाडली, मोडकी घरं दुरुस्त केली, मोकळ्या कोपऱ्यांत बागा लावल्या. जेवढं सडलंय तेवढंच काढायचं आणि बाकीचं जपायचं, ही त्यांची नगररचनेची पद्धत.

हेच गेडिस 1914 मध्ये भारतात आले, आणि 1919 ते 1924 मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आमच्या मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांना परदेशी शिकायला पाठवण्यात त्यांचा वाटा होता. घुर्ये केंब्रिजहून परतले आणि 1924 मध्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले. भारतातल्या समाजशास्त्राची एक मोठी परंपरा तिथून सुरू होते.

गेडिस यांचा आउटलुक टॉवर म्हणजेच आताचं कॅमेरा ऑब्स्क्युरा, जिथे भिंग-आरशांतून शहराचं जिवंत चित्र दिसतं, मुलांना आवडेल. पण तुमच्या आईंना डनबार्स क्लोजमधल्या बागेत न्या. कॅननगेटवर, म्हणजे रॉयल माइलच्या खालच्या उतारावर, एक साधी कमान आहे. आत शिरलं की सतराव्या शतकाच्या धर्तीची कापलेली झुडपं, खडीच्या वाटा, बसायला बाक. बाहेर पर्यटकांची झुंबड आणि आत एखाददुसरं माणूस. तिकीट नाही.

लीथकर :
मालवणची लाट, वा! मी त्या बागेत कितीदा डबा खाल्लाय.

किल्ल्याचं राहिलं. तिकीट वेळेचं असतं, घरूनच काढा. साधारण अकराची वेळ घ्या, म्हणजे आरामात फिरून एक वाजता तोफेपाशी पोचाल. 1861 पासून लीथच्या जहाजांना वेळ कळावी म्हणून ही तोफ उडवतात. रविवारी, गुड फ्रायडेला आणि नाताळच्या दिवशी उडवत नाहीत. धाकट्या मुलीला आधी कान झाकायला सांगा, आवाज छातीत बसतो. आत सेंट मार्गारेटचं छोटं चॅपल आहे, बाराव्या शतकातलं, शहरातली सर्वांत जुनी उभी इमारत. स्टोन ऑफ डेस्टिनी, म्हणजे स्कॉटलंडच्या राजांच्या राज्याभिषेकाचा दगड, बघायचा असेल तर तो आता इथे नाही, 2024 मध्ये पर्थच्या संग्रहालयात हलवला. किल्ल्यातला रस्ता चढाचा आणि गोट्यांचा आहे. चालायला त्रास असलेल्यांसाठी आतली गाडी मिळते का, हे तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

पावसाचा दिवस चेंबर्स स्ट्रीटवरच्या नॅशनल म्युझियमला द्या. प्रवेश मोफत आहे. डॉली मेंढी तिथेच आहे, 1996 मध्ये जन्मलेली क्लोन, पेंढा भरून ठेवलेली. लिफ्टनं थेट गच्चीवर जाता येतं आणि तिथून किल्ला, क्रॅग्ज, आर्थर्स सीटची टेकडी सगळं एका नजरेत. पायऱ्या न चढता असा देखावा शहरात दुसरीकडे मिळणार नाही. तिथून ग्रेफ्रायर्स रस्ता ओलांडला की आलं. मालकाच्या कबरीची राखण केल्याबद्दल प्रसिद्ध झालेल्या बॉबी कुत्र्याच्या पुतळ्याच्या नाकाला लोक हात लावतात, मुलांना लावू देऊ नका, नाक झिजत चाललंय.

हायलँडवेडा :
बरं, ग्लेनको मुलांपुरता हे मला मान्य. मग ज्येष्ठांसाठी त्या दिवशी साउथ क्वीन्सफेरी ठेवा. फोर्थच्या खाडीवर तीन शतकांचे तीन पूल शेजारी शेजारी : 1890 चा लाल रेल्वे पूल, 1964 चा झुलता आणि 2017 चा. पाण्याकाठी बसून दिवस जातो. बसनं जा. डाल्मेनी स्टेशनवरून खाली यायला लांबलचक पायऱ्या आहेत.

सह्यवारा :
सगळ्यांचे आभार. घरी काल रात्री बैठक झाली. नणंदेच्या लेकीची परीक्षा 7 मेला संपते, म्हणून लंडन 8 ते 12 आणि एडिनबरा 12 ते 17 असं धरतोय. राजवाडा पहिल्याच दिवशी, म्हणजे असेंब्लीच्या आधी होईल. एक दिवस क्रॅग्ज आणि ग्रेफ्रायर्स, तो पूर्ण बाबांचा. यजमानांनी ग्लेनकोची बस स्वतः शोधायला घेतलीये आणि ते खूश आहेत. स्काय रद्द.

दोन शंका. व्हिसाचं कधी सुरू करू? आणि शहरातल्या बसमध्ये अकरा जणांचं एका कार्डावर चालेल का?

रूळप्रेमी :
व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो, साधारण तीन आठवडे लागतात. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं. आई-बाबा आणि सासूबाईंची अपॉइंटमेंट तुमच्याच दिवशी घ्या. रद्द न होणारी तिकिटं व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका. नणंदेकडच्यांचे पासपोर्ट अमेरिकन असतील तर त्यांना व्हिसा नको, पण जानेवारी 2025 पासून प्रत्येकाला ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढावा लागतो.

लीथकर :
बसमध्ये एका कार्डावर एकच माणूस. दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादाही त्या कार्डापुरतीच धरली जाते. म्हणून मोठ्यांपैकी प्रत्येकाकडे स्वतःचं फॉरेक्स कार्ड असू दे आणि चढताना रोज तेच टेकवा. रोख द्यायची तर नेमकी रक्कम हवी, ड्रायव्हर सुटे परत देत नाही. मुलांसाठी कुटुंबाचं दिवसाचं तिकीट मिळतं, ते ॲपवर बघून ठेवा.

एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवर उतरलात की सामानासकट मार्केट स्ट्रीटच्या चढावर निघू नका. अकरा जणांना दोन-तीन टॅक्स्या लागतील. भावाला पुढच्या टॅक्सीत बसवा आणि फ्लॅटच्या किल्ल्या त्याच्याकडे द्या. 12 मेला मी संध्याकाळी मोकळा आहे, ट्रेनची वेळ कळवा, आईंसाठी स्टेशनवरची लिफ्ट दाखवायला येईन.